वाचकांचे प्रश्न: पडद्याखालच्या दोन ओळींची नोकरी

या वेळच्या टपालात तीन पत्रं एकाच धंद्याबद्दलची निघाली. सिनेमे, मालिका, माहितीपट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणाऱ्या कंपन्या, म्हणजे सबटायटल आणि डबिंगचं काम. या कामात मी अकरा वर्षं काढली. त्यातली सात मुंबईच्या एका ऑफिसात गेली आणि उरलेली इथं बेळगावातल्या शहापूरच्या घरी, माडीवरच्या खोलीत. म्हणून ही तिन्ही पत्रं एकत्र घेते.

पत्र पहिलं

*ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. बेळगावात मराठी घेऊन बी.ए. केलं. मागच्या महिन्यात एका कंपनीची परीक्षा दिली. कन्नड मालिकेचा दहा मिनिटांचा तुकडा होता, त्याची मराठी सबटायटल करायची होती. पास झाले, पण खाली शेरा आला: 'लिंगाच्या चुका आहेत. भाषा प्रादेशिक वाटते. प्रमाण मराठीवर मेहनत घ्यावी.' आता दोन पर्याय दिलेत. बंगळूरच्या ऑफिसात पगारी नोकरी किंवा घरून मिनिटाच्या दराने काम. बाबा म्हणतात, हे कसलं टीव्हीचं काम, बी.एड. कर. तिथं काम केलेल्यांचा अनुभव काय, तेही विचारून घे म्हणाले. आणि माझं मराठी खरंच कमी पडतं का? तपासून आलेला कागद सोबत पाठवतेय.*

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, तोच तुला जास्त लागलेला दिसतो.

कागद दोनदा वाचला. फोनवरची मुलगी म्हणते, 'थांब, मी येतो.' त्यावर तांबडी खूण आहे. आपल्याकडच्या मुली असंच बोलतात की. मी येतो, मी जातो, मी जेवलो. मीही विशीपर्यंत असंच बोलत होते. मुंबईच्या ऑफिसात पहिल्या दिवशी 'मी डबा खाऊन येतो' म्हणाले, तेव्हा चार माना वळल्या होत्या. ते बोलणं चुकीचं नाही, ते आपल्या मातीतलं आहे. पण सबटायटल वाचणारा नाशकात असतो, नागपुरात असतो. पडद्यावर चेहरा नसेल आणि खाली 'येतो' दिसलं, तर तो बोलणारा मुलगा आहे असं धरून पुढं जाणार. तपासणाऱ्यानं, म्हणजे क्यूसीवाल्यानं, ही खूण बरोबर केलीय. ती मान्य कर आणि सुधार.

बाकीच्या खुणा मात्र मला मान्य नाहीत. मालिकेतलं पात्र थोरल्या भावाला 'अण्णा' म्हणतं. तू 'अण्णा' ठेवलंस, त्यांनी 'दादा' केलं. तिथं 'जोळद रोट्टी' आहे, तू 'जोंधळ्याची भाकरी' लिहिलंस, त्यांनी 'ज्वारीची पोळी' सुचवलं. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द कन्नडमध्ये आहेत तसे मराठीतही शेकडो वर्षं नांदताहेत. मूळ माणूस जे म्हणतोय तेच जर आपल्या भाषेत जसंच्या तसं असेल, तर ते काढून दुसरं कशाला घालायचं? आणि भाकरीला पोळी म्हणणं ही तर सरळ चूक आहे. यावर भांड. भांडायची जागा कंपनीत असते, तिला क्यूसीचं उत्तर म्हणतात. प्रत्येक खुणेपुढं एका ओळीत कारण लिहायचं. मी सुरुवातीला लाजेनं सगळ्या खुणा मुकाट मान्य करायचे. दोन वर्षांनी एक वरिष्ठ बाई म्हणाल्या, 'तू कारण लिहीत नाहीस म्हणून आम्हाला वाटतं की तुला ठाऊकच नाही.' तेव्हापासून लिहायला लागले.

हे मी एवढं ताणून सांगतेय, कारण यातच तुझी खरी किंमत आहे. कन्नड मालिका मराठीत जाते तेव्हा पुष्कळदा ती इंग्रजीवरून जाते. आधी कोणीतरी इंग्रजी ओळी वेळेसकट बसवून ठेवतं, त्याला टेम्पलेट म्हणतात. मग त्याच ओळींवरून मराठी, हिंदी, तमिळ सगळ्या होतात. मधल्या या मुक्कामात काय काय सांडतं ते बघ. एका भागात म्हातारी शेजारणीकडून निघताना म्हणते, 'होगि बर्तीनि.' जाऊन येते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडं जशी बाई उंबऱ्यावर 'येते हं' म्हणते, कारण 'जाते' म्हणू नये, अगदी तसंच. टेम्पलेटमध्ये इंग्रजीत ते 'परत येईन' अशा अर्थाचं झालं होतं. त्यावरून आलेली मराठी ओळ होती, 'मी परत येईन!' वर उद्गारचिन्ह. गरीब म्हातारी सूड घ्यायला निघाल्यासारखी वाटत होती. फाइल माझ्याकडं तपासायला आली, मी आवाज ऐकला आणि 'येते हं' केलं. मूळ कन्नड ऐकू येणारी त्या मजल्यावर मी एकटीच होते. 'ऊट आय्तेन्री?' हे 'जेवण झालं का?' नसून रस्त्यात भेटल्यावर केलेली विचारपूस आहे, हे बेळगावच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि लिंगाचंच घे. 'नानु बंदे' या कन्नड वाक्यात बोलणारा बाप्या की बाई ते कळत नाही. इंग्रजीतही नाही. मराठीला मात्र त्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आलो की आले ते सांगावंच लागतं. एका रहस्यमालिकेत पहिल्या भागापासून एक निनावी फोन येतो, आवाज यंत्रातून बदललेला. मी बेधडक 'मी तिथं आलो होतो' लिहिलं. सातव्या भागात ती बाई निघाली! सात फाइली मागं जाऊन दुरुस्त कराव्या लागल्या, सुदैवानं अजून बाहेर गेल्या नव्हत्या. तेव्हा एक युक्ती शिकले, ती तुला देऊन ठेवते. सकर्मक क्रियापद भूतकाळात घेतलं की ते बहुतेकदा बोलणाऱ्याच्या मागं जात नाही आणि त्याचं लिंग झाकलं जातं. 'मी तिथं आलो होतो' ऐवजी 'मी तुला तिथं पाहिलं'. नाहीतर वाक्यच फिरवायचं, 'मी घाबरलो' ऐवजी 'मला भीती वाटली'. बी.ए.ला प्रयोग शिकलीस ना, कर्तरी, कर्मणी, भावे? त्यांचा मला आयुष्यात सगळ्यात मोठा उपयोग झाला तो इथं.

आता काम कसं असतं ते सांगते. पडद्याखाली जास्तीत जास्त दोन ओळी. बहुतेक ठिकाणी एका ओळीत ४२ अक्षरांची मर्यादा असते, आणि एक सबटायटल सात सेकंदांहून जास्त थांबत नाही. वाचायला किती वेळ मिळतो तेही सॉफ्टवेअर मोजतं, दर सेकंदाला इतकी अक्षरं म्हणून. मर्यादा ओलांडली की ओळ तांबडी होते. यात देवनागरीची एक वेगळीच अडचण आहे. 'स्त्री' हे आपल्या डोळ्याला एकच अक्षर, पण संगणकाला ते सहा खुणांचं दिसतं: स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ ईकार. मी वापरलेलं एक सॉफ्टवेअर काना-मात्रा सगळं सुटं मोजायचं, त्यामुळं साधं मराठी वाक्यही तांबडं व्हायचं. कापावं लागतं. 'तू काल रात्री घरी का आला नाहीस' मधलं काय गेलं तर चालेल? 'काल' राहिलं तर 'रात्री' जाऊ दे, प्रसंगात अंधार दिसतोच आहे. अशा निवडी दिवसभरात शेकडो. पंचेचाळीस मिनिटांचा पहिला भाग करायला मला तीन दिवस लागले होते. वर्षभरानं दीड दिवसात होऊ लागला.

बाबांनी अनुभव विचारलाय, तर माझा आणि माझ्याबरोबरच्यांचा जसा आहे तसा सांगते. शिकायला मिळतं, हे पहिलं. माझ्या ऑफिसात डावीकडं तमिळ, उजवीकडं बंगाली, समोर गुजराती. एकाच विनोदावर पाच भाषांत पाच डोकी लागायची, आणि चहाला उठलं की 'तू काय केलंस, तू काय केलंस' सुरू. तसं शिक्षण कुठल्या कॉलेजात नाही. काम गुप्त असतं. सही करून घेतात, फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवायला लावतात, पडद्यावर आपलंच नाव पाण्याच्या खुणेसारखं फिरत राहतं, म्हणजे चित्र फुटलं तर कुणाकडून ते कळावं. आई विचारायची, कुठल्या मालिकेचं करतेस? सांगता यायचं नाही. तिला बराच काळ वाटत होतं की मी काहीतरी लपवतेय.

त्रासही सांगते. तारखा आमच्या हातात नसायच्या. वरून चित्र उशिरा आलं तरी देण्याची तारीख तीच, मग रात्रीचे दोन, तीन. मनगट आणि मान धरते. आणि एका गोष्टीबद्दल कुणी आधी बोलत नाही. माझी एक सहकारी कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांसाठीच्या ओळी करायची, ज्यात दार आपटणं, हुंदका, किंचाळी हेही लिहावं लागतं. खुनावरचे माहितीपट सलग तिच्या वाट्याला आले. किंचाळी कुठल्या क्षणी सुरू होते, कुठं संपते, ते नेमकं लावायला तीच किंचाळी पंधरा-वीस वेळा ऐकायची. तिची झोप उडाली. शेवटी तिनं मागितलं तेव्हा विषय बदलून मिळाला, पण मागायला तिनं चार महिने घेतले. तू रुजू होतानाच सांगून ठेव की असं काम सलग देऊ नका. अशी विनंती करता येते आणि ती मान्यही होऊ शकते.

माझ्या मते तू बंगळूरची पगारी नोकरी घे. घरून सुरुवात करू नकोस. पहिल्या दोन वर्षांत शेजारच्या खुर्चीवरून जे कळतं ते ईमेलवरच्या तांबड्या खुणांतून कळत नाही. दुसरं कारण तुझं गाव. खानापूरचा पाऊस मला सांगायला नको. जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल आणि हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, माणूस कधी येईल याचा नेम नाही, आणि मिनिटाच्या दरानं काम करणाऱ्याला उशिराचं कारण कुणी विचारत नाही, थेट पैसे कापतात. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री बेळगावहून धरली की सकाळी बंगळुरात. सणाला घरी येता येतं.

सही करण्याआधी लेखी विचार: पगारातून पीएफ कापला जातो का, परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, किती महिन्यांची, रात्रीच्या कामाचा मोबदला काय, सोडताना नोटीस किती दिवसांची, भाषांतरकार म्हणून शेवटी नाव येतं का. काही ठिकाणी येतं.

आणि फॉर्मवर स्रोतभाषेच्या रकान्यात 'कन्नड' लिही. ठळक लिही. नुसतं 'इंग्रजी ते मराठी' लिहून गप्प बसू नकोस. आपल्याकडच्या मुलांचा हात तिथं थबकतो, आणि का थबकतो ते मला ठाऊक आहे. १९५६ साली बेळगाव कन्नड राज्यात गेल्यापासून आपल्या घराघरांत जी कळ आहे ती माझ्याही घरात आहे, माझे आजोबा सीमा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते. तेच आजोबा रविवार पेठेतल्या दुकानात दिवसभर अस्खलित कन्नडमध्ये हिशेब करायचे, आणि रात्री मला मांडीवर घेऊन मोरोपंतांच्या आर्या म्हणायचे. दुसरी भाषा कानात असल्यानं त्यांची मराठी कधी पातळ झालेली मी पाहिली नाही. थेट कन्नडहून मराठीत आणणारे हात थोडे आहेत, म्हणून त्याचा वेगळा दर मागायला जागा असते. ती जागा सोडू नकोस.

बाबांना सांग, बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि ते तिशीतही करता येतं. हा कानही त्यांच्याच घरात तयार झालाय, हेही सांग.

पत्र दुसरं

*मी बेळगावातून चार वर्षं घरून सबटायटलचं काम करतोय. आता कंपनी म्हणते, यंत्र आधी भाषांतर करून देईल, तुम्ही फक्त सुधारा, दर निम्मा. त्यात तीन महिन्यांपूर्वीचे पैसे अजून आलेले नाहीत. विचारलं की 'अकाउंट्सकडे आहे' एवढंच उत्तर. काय करू?*

आधी पैशांचं. छोट्या उद्योगांची नोंदणी करणाऱ्या सरकारी उद्यम पोर्टलवर तुमचं नाव आहे का? नसेल तर आज करा. मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणाऱ्या सारख्या नावाच्या साइटींपासून सावध राहा. सूक्ष्म, लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात सेवा देणारा एकटा माणूसही बसतो. त्यात लिहिलंय की करारात मुदत ठरली असली तरी ती ४५ दिवसांपुढं नेता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. त्यापुढं उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडं ऑनलाइन करता येते. नोंदणीच्या आधीच्या कामाला याचा आधार मिळणं अवघड असतं, म्हणून थांबू नका. आणि पर्चेस ऑर्डरवर, म्हणजे काम दिल्याच्या कागदावर, कुणाचं नाव आहे ते बघा. पैसे देणारी कंपनी परदेशातली असेल तर हा कायदा तिथं पोचत नाही, मग आधीची रक्कम येईपर्यंत नवी फाइल न घेणं हाच उपाय.

माझे स्वतःचे एकदा पाच महिने अडकले होते. मी दर आठवड्याला फोन करायचे, गोड बोलायचे. त्यानं काही झालं नाही. मग इनव्हॉइसचा नंबर, फाइल दिल्याची तारीख, उलटून गेलेले दिवस आणि कायद्याचं कलम, एवढंच एका पानावर लिहून ईमेल केला, प्रोजेक्ट मॅनेजरबरोबर अकाउंट्सलाही. दहाव्या दिवशी पैसे आले. पैसे देताना कापलेला टीडीएस, म्हणजे आयकर, आयकर खात्याच्या साइटवर आपल्या नावावर दिसतो का तेही बघत चला, एका वर्षी माझा कापलेला तिथं जमाच नव्हता.

यंत्राचं म्हणाल तर माझा नकार नाही, पण निम्मा दर कशावरून ठरला ते विचारा. एक भाग माहितीपटाचा आणि एक विनोदी मालिकेचा घ्या, आणि घड्याळ लावून करा. मी केलं होतं. समुद्रातल्या प्राण्यांवरच्या माहितीपटात माझा वेळ खरंच वाचला, निवेदन सरळ होतं. विनोदी मालिकेत यंत्राची ओळ वाचायची, ती का चुकली ते शोधायचं, पुसायची आणि पुन्हा लिहायची, यात कोऱ्या फाइलीपेक्षा जास्त वेळ गेला. एका पात्राला पहिल्या ओळीत तू, दुसऱ्या ओळीत तुम्ही, तिसऱ्या ओळीत आपण. नवरा-बायको एका दमात तीनदा अनोळखी होतात. ती तपासणी डोळ्यात तेल घालून करावी लागते आणि तिचा थकवा वेगळा असतो. तुमचे तास कागदावर मांडून पाठवा आणि प्रकारानुसार दर मागा: निवेदनाला इतका, संवादाला इतका. मला संवादाचा जुना दर पुन्हा मिळाला, निवेदनाचा नाही मिळाला. सगळ्यांना मिळेलच असं म्हणत नाही, पण आकडे न मांडता मागितलेल्या कुणाला मिळालेला मी पाहिला नाही.

पत्र तिसरं

*मी निपाणीचा. मुलगा बारावी झालाय, आवाज चांगला आहे, डबिंगमध्ये जायचं म्हणतो. एका संस्थेनं 'आवाज नोंदणी' आणि कामाच्या हमीसाठी चाळीस हजार मागितलेत. भरावेत का?*

काका, भरू नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

डबिंग म्हणजे काय ते मुलाला आधी कळू दे. लहानशा बंद खोलीत एकटं उभं राहायचं, समोर पडदा, कानात मूळ भाषा, आणि दोन-दोन ओळींचे तुकडे पुन्हा पुन्हा बोलायचे. संगीत आणि दारा-पावलांचे आवाज वेगळ्या पट्टीवर आधीच असतात, बोलणं तेवढं आपलं. पडद्यावर ओठ मिटले की आपलाही शब्द प, फ, ब, भ, म यांपैकी एकावर मिटावा लागतो, नाहीतर फसवणूक लगेच दिसते. हे नुसत्या चांगल्या आवाजानं जमत नाही, ते वाचनानं आणि अभिनयानं जमतं. गावातल्या नाटकात, एकांकिकेत त्याला उभं राहू दे. रोज पेपर मोठ्यानं वाचू दे, आणि स्वतःचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकू दे. आकाशवाणीची कोल्हापूर आणि सांगली केंद्रं निपाणीहून लांब नाहीत, हंगामी उद्घोषकांसाठी आवाजाची परीक्षा निघते तेव्हा अटी बघून अर्ज करू दे. वर्षभरानं त्यानं केलेलं पाच मिनिटांचं वाचन मला पाठवा, मी ऐकेन.